तळ नसलेलं पांघरूण

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या पायवाटांवर चार-पाच महिने सलग चालणाऱ्यांच्या सॅकमध्ये आज एक वेगळंच पांघरूण दिसतं. आत बदकाची किंवा हंसाची मऊ लव भरलेली, पायांशी खोळ शिवलेली आणि तिथून वर मानेपर्यंत पाठीखालची बाजू सरळ उघडी. चेन नाही, डोक्यावर ओढायचं टोपडं नाही. याला क्विल्ट म्हणतात. सोबत एक पातळ चौकोनी कापड असतं, ते टार्प. चालताना हातात असलेल्या दोन काठ्या रात्री उभ्या करायच्या, कापड त्यांच्यावर ताणायचं आणि कोपरे खुंट्यांना बांधायचे. शून्याच्या थोडी खाली उतरणाऱ्या थंडीसाठीचा चांगला क्विल्ट सहा-सातशे ग्रॅमचा असतो, टार्प तीन-चारशे ग्रॅमचं. म्हणजे किलोभरात पांघरूण आणि छप्पर दोन्ही झालं. त्याच थंडीसाठी नेहमीची स्लीपिंग बॅग आणि दुहेरी कापडाचा तंबू घेतला, तर वजन सहज तिप्पट होतं.

हे सगळं प्रयोगशाळेतून आलं असावं, असं पाहणाऱ्याला वाटतं. कापड आणि धागे तिथूनच आले. पण या पांघरुणाची वंशावळ मागे मागे नेली, की जवळपास प्रत्येक पिढीत कुणीतरी हातात सुई घेऊन बसलेलं भेटतं: बूट शिवणारा, लंडनचा शिंपी, ओहायोची शेतकरीण, अवकाश-उद्योग सोडून डोंगरात रमलेला अभियंता आणि त्याची पत्नी. दुकानात मिळतं ते आपल्या पाठीला झेपत नाही, एवढीच या माणसांची अडचण होती. म्हणून त्यांनी स्वतः शिवायला घेतलं.

आधी त्या गायब तळाबद्दल. पांघरूण स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब शरीराची असते. पिसं किंवा धागे आपल्यामध्ये हवा अडवून ठेवतात आणि ती अडलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. स्लीपिंग बॅगेत आपण शिरलो, की पाठीखालची पिसं आपल्याच वजनाने चपटी होतात. त्यांतली हवा निघून जाते आणि उरतं ते निरुपयोगी ओझं. जमिनीकडून येणारा गारठा अडवायचं खरं काम खालची चटई करते. मग दाबून मेलेली ती पिसं डोंगरभर वाहायची कशाला? प्रश्न इतका सरळ आहे, की तो ठामपणे विचारला जायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला याचं मला आजही नवल वाटतं.

गिर्यारोहकांची स्लीपिंग बॅगच मुळात फार जुनी नाही. आल्प्समध्ये भटकणाऱ्या फ्रान्सिस फॉक्स टकेट या इंग्रज गिर्यारोहकाने 1861 मध्ये ब्लँकेटची पिशवी करून, खालून रबर लावलेलं कापड जोडून तिच्यात झोपून पाहिलं. वेल्समधल्या न्यूटाऊनचे फ्लॅनेलचे व्यापारी प्राइस प्राइस-जोन्स यांनी 1876 मध्ये ‘युक्लिसिया रग’चं पेटंट घेतलं. घडी घातलेलं लोकरी ब्लँकेट, त्याला झोपण्यासाठी शिवलेला खिसा आणि डोक्याशी फुगवायची रबरी उशी असं ते होतं. रशियाच्या सैन्यानेही ते विकत घेतलं. आणि 1878 मध्ये रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन फ्रान्समधल्या सेव्हेन डोंगरांत निघाला, तेव्हा त्याने स्वतःसाठी एक पोतं बनवून घेतलं. बाहेरून गाड्यांवर घालतात तसलं हिरवं जलरोधक कापड, आतून मेंढीची निळी लोकर, लांबी-रुंदी जवळजवळ सहा-सहा फूट. तंबू उभारण्याची आणि मोडण्याची कटकट त्याला नको होती. पण त्या पोत्यालाच इतकं वजन झालं, की ते वाहायला मॉदेस्तीन नावाची गाढवीण घ्यावी लागली. त्याच्या प्रवासवर्णनात ती गाढवीण अजरामर झाली. झोपेचं सामान माणसाच्या पाठीवरून जनावराच्या पाठीवर गेलं, की ते किती वाढायचं याला मग मर्यादा राहत नाही.

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स नावाचा माणूस नेमकी उलटी वाट चालत होता. ‘नेसमक’ या नावाने तो ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या नियतकालिकात लिहायचा. पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरोत राहायचा, आणि बूट शिवण्याचं काम लहानपणी वडिलांकडून शिकलेला. पाच फूट आणि वर थोडी उंची, अंगावर जेमतेम पन्नास किलो, त्यात छातीचं दुखणं. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिराँडॅक डोंगरांत तळ्यामागून तळी आहेत, आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचं तर मधल्या जमिनीवरून नाव डोक्यावर घेऊन चालावं लागतं. पैसेवाले लोक त्यासाठी वाटाड्या ठेवत, तो नाव उचलत असे. सीअर्सला वाटाड्या परवडत नव्हता आणि जड नाव उचलायची त्याच्यात ताकद नव्हती. म्हणून त्याने कँटन गावच्या जे. हेन्री रश्टन या कारागिराकडून एकामागून एक हलक्या होड्या करून घेतल्या. त्यांतली ‘सेरी गॅम्प’ नऊ फुटांची, पण वजन पाच किलोंच्याही आत. 1883 मध्ये, 61 वर्षांचा असताना, तिच्यातून तो एकटा 266 मैल, म्हणजे साधारण 430 किलोमीटर फिरला. होडी, ब्लँकेटची पिशवी, जादा कपडे, दोन दिवसांचा शिधा, लहान कुऱ्हाड आणि मासेमारीची काठी हे सगळं धरून त्याचं ओझं 26 पौंडांपुढे, म्हणजे बारा किलोंपुढे कधी गेलं नाही.

पुढच्याच वर्षी त्याचं ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक आलं. त्यात त्याने आपल्या एका बाजूने उघड्या तंबूची मापं दिली, कापड कसं बेतायचं ते सांगितलं आणि चुना-तुरटीच्या पाण्यात बुडवून ते पावसाला तोंड देईल असं कसं करायचं हेही लिहिलं. खाली अंथरायला तो हेमलॉकच्या कोवळ्या डहाळ्या तोडायचा. वर हलकं पांघरूण, खाली जंगलातून मिळेल ते, समोर शेकोटी, अशी त्याची मांडणी होती. ही रीत आज जशीच्या तशी चालणार नाही. हजारो माणसं एकाच वाटेने जाऊ लागली आणि प्रत्येकाने गादीसाठी झाड ओरबाडलं, तर वाट बोडकी होईल. पण पाठीखालच्या बाजूचं काम पांघरुणावर न टाकता वेगळं सोपवायचं, ही विभागणी त्याच्याकडे स्पष्ट दिसते.

इंग्लंडमध्ये हाच धागा थॉमस हायरम होल्डिंग या शिंप्याने उचलला. सायकलवर मावेल असा तंबू त्याला हवा होता. त्याने रेशमी कापडाचे तंबू शिवले, 1901 मध्ये सायकलवाल्या तंबूकरांची संघटना सुरू केली आणि 1908 मध्ये ‘द कॅम्पर्स हँडबुक’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याच्या थोडं आधी गिर्यारोहक आल्बर्ट ममरी रेशमाचा दोन किलोंहून हलका तंबू वापरू लागला होता. त्याला वेगळे खांब नव्हतेच. बर्फात चढायच्या कुऱ्हाडी उलट्या रोवून त्यांवरच तो उभा राहायचा. 1895 मध्ये नंगा पर्वतावर रघुबीर थापा आणि गोमन सिंग या दोन गुरखा साथीदारांसह ममरी हरवला, पण त्याचा तंबू पुढच्या कितीतरी मोहिमा वापरत राहिल्या. हातातल्या चढाईच्या साधनालाच रात्री खांब करायचं ही आजच्या टार्पवाल्यांची युक्ती तिथे पूर्ण रूपात आहे.

मग दोन महायुद्धं झाली आणि वंशावळीत खंड पडला. दुसऱ्या युद्धानंतर अमेरिकेत सैन्याचा उरलेला माल स्वस्तात विकला जाऊ लागला. जाड कॅनव्हास, टोपडं असलेल्या पिसांच्या बॅगा, भक्कम सॅक. सगळं टिकाऊ आणि सगळं जड. 1952 मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टीने ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या सॅक बनवायला घेतल्या. सांगाडे तो घडवायचा आणि पिशव्या त्याची पत्नी नीना शिवायची. कमरेच्या पट्ट्यामुळे भार खांद्यांवरून नितंबांवर आला. फार मोठी सोय झाली. पण या सोयीची दुसरी बाजूही आहे: वीस-पंचवीस किलो आता उचलता येऊ लागले, म्हणून लोक तेवढे भरू लागले. सुई हातात आहे म्हणून ओझं कमी होतंच असं नाही, हे मला या टप्प्यावर प्रामाणिकपणे सांगायला हवं.

त्याच काळात कोलोरॅडोत जेरी कनिंगहॅम हलक्या सामानामागे लागला होता. दोरी आवळून ठेवणारी स्प्रिंगची कळ, जी आज प्रत्येक जॅकेटला आणि सॅकला असते, तिचं श्रेय त्याला देतात. मार्गारेट हॅन्सनबरोबर त्याने हलकं सामान घरी कसं बनवावं यावर पुस्तकही लिहिलं. 1960च्या दशकात तिथेच डेल जॉन्सनने ‘फ्रॉस्टलाइन’ नावाने कापड, धागा आणि मोजून भरलेली पिसं असं सगळं एका पाकिटात द्यायला सुरुवात केली. बेतलेले तुकडे घरी जोडायचे, आपलं जॅकेट किंवा बॅग आपण शिवायची. घरोघरच्या शिवणयंत्रांवर एक अख्खी पिढी तयार झाली.

या सगळ्या घडामोडींपासून अगदी दूर, कुठल्याही संघटनेत नसलेली एक बाई होती. एमा गेटवूड. जन्म 1887, ओहायोतल्या गॅलिया परगण्यातला. अकरा मुलं, शेतीची न संपणारी कामं आणि बेदम मारणारा नवरा. अनेक वर्षं मार खाल्ल्यानंतर ती त्या लग्नातून बाहेर पडली. मुलं मार्गी लागली. ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या 1949 मधल्या एका अंकात तिने ॲपलेशियन ट्रेलबद्दल वाचलं. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगररांगेतून जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारी ही पायवाट बेंटन मकाय यांनी 1921 मध्ये सुचवली आणि ती 1937 मध्ये पुरी झाली. 1954 मध्ये एमाने उत्तरेच्या टोकाकडून सुरुवात केली, पण वाट चुकली, चष्मा फुटला आणि वनरक्षकांनी तिला घरी पाठवलं. 3 मे 1955 रोजी ती जॉर्जियातून पुन्हा निघाली. चालायला जाते, एवढंच मुलांना सांगून. तेव्हा ती 67 वर्षांची होती.

तिच्या खांद्यावर डेनिमच्या कापडाची, तोंडाशी नाडी ओवलेली, स्वतः शिवलेली एक पिशवी होती. आत सैनिकी ब्लँकेट, रेनकोट आणि न्हाणीघरात लावायचा प्लास्टिकचा पडदा. तो पडदा हेच तिचं छप्पर. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही, नकाशासुद्धा नाही. पायात कापडी बूट. खायला डब्यातली सॉसेजं, मनुका, सुकामेवा, आणि वाटेत ओळखता येतील तेवढ्या रानभाज्या आणि बोरं. निवारा मिळेल तिथे ती थांबायची, नाही तर पाचोळ्याचा ढीग करून त्यावर झोपायची. फार गार पडलं, तर सपाट दगड शेकोटीत तापवून त्यांवर पाठ टेकायची. त्या ऑगस्टमध्ये कॉनी आणि डायॅन या दोन वादळांनी अमेरिकेचा पूर्व भाग धुऊन काढला. ती चालत राहिली. 25 सप्टेंबरला मेनमधल्या कटाडिन शिखरावर पोहोचली. 146 दिवस आणि साधारण 3,300 किलोमीटर. ही वाट एका हंगामात एकटीने पुरी करणारी ती पहिली स्त्री. 1957 मध्ये ती हीच वाट पुन्हा चालली, आणि पुढे तुकड्यातुकड्यांनी तिसऱ्यांदाही, जी 1964 मध्ये पुरी झाली.

लोकांनी तिचं खूप कौतुक केलं. वर्तमानपत्रांनी तिला ‘ग्रँडमा गेटवूड’ केलं. पण तिच्या वयाचं कौतुक झालं, पद्धतीचं नाही. माझ्या मते हा तिच्यावर झालेला अन्याय आहे. तिचं सामान गरिबीतून आलं, हे खरं. पण प्रत्येक वस्तूमागे विचार होता. ब्लँकेट वर घेण्यापुरतं, पाठीखाली पाचोळा किंवा दगड, पावसाला पडदा. पंधरा-वीस पौंडांच्या पुढे न गेलेल्या त्या पिशवीने तिच्या सांध्यांना वाचवलं, म्हणून ती 67व्या वर्षी रोजचे वीस-पंचवीस किलोमीटर तोडू शकली. सामानाची दुकानं मात्र पुढची तीस वर्षं तिच्याकडे एक नवल म्हणून पाहत राहिली.

प्रश्न अखेर विचारला तो रे जार्डिनने. हा मुळात अवकाश-उद्योगातला अभियंता. ती नोकरी सोडून तो योसेमिटीच्या कड्यांवर चढू लागला आणि कातळाच्या फटीत रुतून बसणारं ‘फ्रेंड’ हे स्प्रिंगचं साधन त्याने बनवलं, ज्याने जगभरची कातळचढाई बदलली. 1987 मध्ये तो आणि त्याची पत्नी जेनी मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल चालले, तेव्हा त्यांच्या पाठीवर इतरांसारखंच ओझं होतं. त्यांना साडेचार महिने लागले. 1991 मध्ये आणि पुन्हा 1994 मध्ये ते त्याच वाटेवर गेले, आणि दरवेळी ओझं उतरत गेलं. अन्न-पाणी सोडून पाठीवरचं वजन दहा पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोंच्या खाली आलं. शेवटच्या खेपेला वाट तीन महिने आणि वर काही दिवसांत पुरी झाली.

जार्डिनचा हिशोब साखळीसारखा चालतो. सॅक जड, म्हणून बूट जड. बूट जड, म्हणून पावलं मंद. पावलं मंद, म्हणून दोन गावांमधले दिवस जास्त. दिवस जास्त, म्हणून अन्न जास्त, आणि सॅक आणखी जड. ही साखळी झोपेच्या सामानाशी तोडायची असं त्याने ठरवलं, कारण सर्वांत मोठं वजन तिथेच होतं. त्याने आणि जेनीने घरीच दोघांसाठी एक रुंद क्विल्ट शिवला. खाली तळ नाही, चेन नाही. आत पिसं न भरता कृत्रिम धाग्यांचा थर भरला, कारण पिसं ओली झाली की बसतात आणि वाळायला फार वेळ घेतात. वर टार्प. बंद तंबूत आपल्याच श्वासाची वाफ आतल्या कापडावर साचते आणि पहाटे पांघरुणावर ठिबकते. टार्पखालून वारा खेळतो, त्यामुळे पांघरूण कोरडं राहतं. कोरडं पांघरूण कमी जाडीचं असलं तरी पुरतं. क्विल्ट आणि टार्प एकमेकांना असे धरून आहेत.

1992 मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाने खळबळ माजवली. ते जुन्या जाणत्यांना बेजबाबदार वाटलं. तरुणांनी मात्र शिवणयंत्रं बाहेर काढली. पुढे जार्डिन दांपत्याने तयार बेतलेल्या कापडाचे संच विकायला घेतले. वस्तू विकण्यापेक्षा ती शिवायला शिकवण्यावर त्यांचा भर राहिला, आणि मला ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी वाटते. 1998 मध्ये ‘गोलाइट’ कंपनीने त्यांचे आराखडे घेऊन कारखान्यात माल काढला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात ग्लेन व्हॅन पेस्की हा स्थापत्य अभियंता स्काउटच्या मुलांबरोबर फिरताना स्वतःची सॅक शिवत होता. त्याने तिचा नमुना सगळ्यांना मोकळा करून दिला आणि पुढे स्वतःचं दुकानही काढलं. हेन्री शायर्सने 1999 मध्ये टार्प आणि तंबू यांच्या मधला, जाळी लावलेला निवारा स्वतः शिवला, आराखडा फुकट वाटला आणि मागून त्याचाच कारखाना उभा केला. गोलाइट 2014 मध्ये बंद पडली. घरच्या यंत्रावरून सुरू झालेली ही दोन्ही दुकानं मात्र चालू राहिली.

क्विल्ट रुळला त्यात चटईचाही वाटा मोठा. बोइंगमध्ये काम केलेल्या जिम ली आणि नील अँडरसन यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला सिएटलमध्ये आपोआप फुगणारी, आत फोम असलेली चटई बनवली. नेसमकच्या डहाळ्या आणि एमाचा पाचोळा यांची जागा अशा चटईने घेतली. चटई उष्णता किती अडवते हे मोजायची एकसारखी पद्धत 2018 मध्ये ठरली, तेव्हा कुठे क्विल्टवाल्याला पाठीखालचा हिशोब नेमका मांडता येऊ लागला. कारण क्विल्टखाली चटई चुकली, तर रात्र वाया जाते.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ही मांडणी परकी वाटायचं कारण नाही. दोन वंशांचा काही संबंध नाही, पण धनगराची घोंगडी पावसात डोक्यावर खोळ होते आणि रात्री पांघरूण होते. राजगडावर पद्मावतीच्या देवळात किंवा हरिश्चंद्रगडाच्या गुहांत डिसेंबर-जानेवारीत मुक्काम केला, की स्लीपिंग बॅग आणलेले बरेचजण अर्ध्या रात्री चेन उघडून ती चादरीसारखी अंगावर घेतात. त्यांनी क्विल्ट घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन: त्याखाली कुशीवर वळता येतं, पाय मोकळे राहतात. चटई मात्र चांगली हवी, कारण देवळाची फरशी आणि गुहेचा कातळ रात्रभर अंगातली ऊब ओढत राहतात. पावसाळ्यात पिसांचा नको. कोकणातून चढून येणारं धुकं पिसांत शिरलं, की दोन रात्रींत त्यांचा फुगवटा जातो. आणि हिमालयात चार हजार मीटरच्या वर, वाऱ्यात, टोपडं असलेली बंद बॅगच घ्यावी. क्विल्टच्या कडेखालून शिरणारी एक झुळूक उणे दहामध्ये सहन होत नाही.

अलीकडे या वंशावळीत एक नवं कापड आलं आहे. 1992च्या अमेरिका कपमध्ये ‘अमेरिका क्यूब्ड’ संघाच्या नौकेच्या शिडांशी त्याचा उगम जोडलेला आहे. अतिशय चिवट पॉलिइथिलीनचे धागे दोन पातळ फिल्ममध्ये दाबून ते बनतं. आधी त्याला क्यूबेन म्हणत, आता डायनीमा म्हणतात. ते पाणी शोषत नाही, ताणलं जात नाही, आणि त्याचं टार्प दीडशे-दोनशे ग्रॅममध्ये होतं. अडचण अशी, की त्याला सुई मानवत नाही. टाक्याच्या प्रत्येक भोकाशी ते कमकुवत होतं आणि पाणी झिरपतं, म्हणून कडा चिकटपट्टीने जोडाव्या लागतात. किंमतही सिलिकॉन लावलेल्या नायलॉनच्या दुप्पट-तिप्पट. त्यामुळे घरी पहिलं टार्प करू पाहणाऱ्याने नायलॉनच घ्यावं. साडेतीन-चार मीटर लांबीचे दोन पन्हे, मधोमध पाण्याला उतार देणारी दुमडलेली शिवण, कोपऱ्यांना दुहेरी कापडाचे तुकडे आणि दोऱ्या ओवायला पट्ट्यांचे फासे. साधं सरळ टाक्याचं यंत्र त्याला पुरतं.